नकाराचा फासा

दवाखान्यात तिला सगळे पकडबाई म्हणत. दवाखाना जनावरांचा. डॉक्टर सुई टोचायचे, कंपाउंडर औषधं बांधून द्यायचा, आणि या दोघांना आपापलं काम धड करता यावं म्हणून कुणीतरी कुत्र्याला धरून ठेवावं लागायचं. ते काम तिचं. एक हात मानेखालून, दुसरा पोटावरून, आणि कुत्र्याचं डोकं आपल्या खांद्याला टेकवलेलं. ऐकायला सोपं वाटतं. ज्यांना वाटतं त्यांनी नखं कापायला आणलेलं एखादं गादीवर वाढलेलं लाडोबा कुत्रं एकदा धरून बघावं, आणि मग तोंड उघडावं.

लग्नाच्या आधीपासून ती हेच करत होती. हातांवर इतके ओरखडे जमले होते की नवा कुठला आणि जुना कुठला, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. पण एक विद्या तिच्या अंगात मुरली होती. कुत्र्याचं ‘नाही’ तिला सगळ्यात आधी कळायचं. कान मागे जायच्याही आधी अंगाचं वजन मागच्या पायांवर जातं, पोटाखालचा हात एकदम हलका होतो. मालकांना हे कधी दिसत नसे. ‘आमचा चावत नाही हो’ असं जो माणूस छाती पुढे काढून सांगतो त्याचंच कुत्रं हमखास चावतं, हा तिचा अनुभव होता. मग ती डॉक्टरांना म्हणायची, “थांबा जरा.” डॉक्टर थांबायचे. कुत्रं एक लांब श्वास सोडायचं. त्यानंतर सुई.

त्या शनिवारी एका म्हाताऱ्या कुत्रीला आणलं होतं. मागचे पाय गेलेले, डोळ्यांवर पांढुरका पडदा आलेला. मालकीण दारापर्यंत आली, “तिला आता त्रास नको हो,” म्हणाली आणि डोळे पुसत बाहेर गाडीत जाऊन बसली. आत राहायचं धाडस फार थोड्यांना होतं. डॉक्टर म्हणाले, “धरा.” तिने धरलं. कुत्रीने तिच्या मनगटाचा वास घेतला, ओळख नसलेल्या माणसाचाही घेतात तसा, आणि डोकं खांद्यावर ठेवून दिलं. शेवटची सुई देऊन झाल्यावर डॉक्टरांनी हात धुतले आणि दाराकडे बघून म्हणाले, “पुढचा.”

पुढचा आला. त्याच्या पुढचाही आला. घरी जाताना तिला वाटलं, बसमध्ये खिडकीशी बसावं आणि शेवटचा थांबा आला तरी उतरू नये. हात दुखत नव्हते. हातांना सवय होती. थकली होती ती कुठेतरी आत, जिथे तेल चोळता येत नाही.

घरी बाबा होते.

बाबा म्हणजे तिचे वडील. ते बसस्टँडवर गाड्यांच्या घोषणा करायचे. उभी हयात त्या काचेच्या खोलीत, माइकसमोर. घरीसुद्धा ते साधी हाक मारत नसत. ‘प्रवाशांनी लक्ष द्यावे, जेवण टेबलावर लागले आहे’ असा पुकारा व्हायचा, आणि आई असेपर्यंत स्वयंपाकघरातून ‘गाडी उशिरा आहे’ असं उत्तर जायचं. आवाज असा की शेजारच्या इमारतीतली माणसंसुद्धा जेवायला उठत. बोलत नसले तर शीळ घालायचे, विशेषतः दाढी करताना. मागच्या वर्षी एका सकाळी ती चहा गाळत असताना बाथरूममधली शीळ मध्येच तुटली. आधी ती शांतता तिच्या कानांना लागली, आणि मग काहीतरी पडल्याचा आवाज आला.

हॉस्पिटलमधून बाबा घरी आले तेव्हा उजवं अंग निम्मंअधिक परत आलं होतं, तोंड एका बाजूला ओढलेलं राहिलं होतं, आणि शब्द सगळे गेले होते. ‘हो’सुद्धा नाही, ‘नको’सुद्धा नाही. बोलणं शिकवणारी एक बाई काही आठवडे येत होती. जाताना ती म्हणाली, “त्यांना सगळं कळतंय बरं का. फक्त बाहेर येत नाही. तुम्ही विचारा आणि थांबा. उत्तराला वेळ लागेल, पण थांबायचं.”

पकडबाईने मान डोलावली. विचारणं जमण्यासारखं होतं. थांबायला वेळ कुणाच्या बापाकडे होता? सकाळी बाबांची आंघोळ, खाणं, औषधं, नवऱ्याचा डबा, आणि तिला दवाखाना गाठायचा. “निळा सदरा घालायचा ना? निळाच घालू,” असं एका दमात म्हणून ती त्यांचा हात बाहीत घालायची. एकदा बाथरूममधून त्यांना बाहेर आणताना तिच्या लक्षात आलं, आपला एक हात बाबांच्या मानेखालून आहे आणि दुसरा पोटावरून. ती जराशी थबकली. मग त्यांना गारवा लागेल म्हणून तिने घाईघाईने टॉवेल गुंडाळला.

बाबा दिवसभर खिडकीपाशी खुर्चीत बसून असत. आठवड्यातून एकदाच, रविवारी दुपारी, ते डाव्या हाताने स्वतः केस विंचरत, स्वतः उठून काठी टेकत टेबलापर्यंत येत आणि ताठ बसत. कारण रविवारी दुपारी खेळ असायचा.

हा खेळ धाकट्या भावाने कधीकाळी कॉलेजातून घरात आणला होता. भाऊ पुढे लिफ्ट दुरुस्त करणारा झाला, त्याचे केस गेले, पोट आलं, पण खेळ राहिला. पत्ते नाहीत, पट नाही. एक जण सूत्रधार होतो आणि गोष्ट सांगतो: समोर जंगल आहे, नदीला पूर आलाय, पलीकडे पडका बुरूज दिसतोय. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि आपण काय करतो ते सांगतात. जमलं की फसलं, ते वीस बाजूंचा फासा ठरवतो; आकडा जितका मोठा तितकं जमलं. सूत्रधार पकडबाई. भाऊ जादूगार. नवरा पोलादी चिलखतातला सरदार. नवरा विम्याच्या ऑफिसात दावे तपासायचा, त्यामुळे सरदार तलवारीपेक्षा नियमांनी जास्त लढायचा. आणि वरच्या मजल्यावरच्या टेलरबाई या चोर. त्यांचा स्वभाव इतका सरळ की दुकानात गिऱ्हाइकाची टाचणीसुद्धा शोधून परत द्यायच्या. खेळात मात्र दिसेल त्याचा खिसा कापायच्या. पात्रं म्हणून टेबलावर मांडायची बटणं त्यांनीच आणलेली.

खेळाच्या पुस्तकात कुत्र्यांना अर्धं पान दिलं होतं. ‘कुत्रा, पाळीव: जीव चार, चावा एक. कुत्रा, रानटी: जीव सहा, चावा दोन.’ संपलं. पकडबाईने ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “हा माणूस कुत्र्याच्या चार हात जवळ तरी गेलाय का?” ती म्हणाली होती, आणि त्या दिवसापासून तिच्या टेबलावर तिचे कुत्रे आले.

तिचे रानकुत्रे भुंकत नसत. ते शीळ घालून एकमेकांना बोलवायचे, कळपाने यायचे, आणि शिकार झाली की पिल्लांना आधी खाऊ द्यायचे. त्यांना मांस टाकून वश करता येत नसे. भावाच्या जादूगाराने तीनदा प्रयत्न केला आणि तीनदा टोपी गमावली. घरचा कुत्रा वेगळा. तो एकाच माणसाचा असायचा, बसण्याआधी स्वतःभोवती फिरायचा, विजेला घाबरायचा. आणि त्याला एक हक्क होता जो पुस्तकात कुठल्याच जनावराला नव्हता. त्याला धोक्यात पाठवलं तर आधी नकाराचा फासा टाकायचा. दहाच्या वर पडलं तर कुत्रा जागचा हलत नाही, मग सरदार असो की राजा. “कुत्रं नाही म्हणतं,” ती सांगायची. “मी रोज बघते.”

रानकुत्र्यांची शीळ तिला स्वतःला घालता येत नसे, नुसतीच फूफू व्हायची. गोष्टीत कळप आला की ती बाबांकडे बघायची, आणि बाबा दोन ओठ जुळवून अशी बारीक, वर चढत जाणारी शीळ घालायचे की टेलरबाई पाय खुर्चीवर घेऊन बसायच्या.

या टेबलाचे आणखी दोन नियम होते, आणि दोन्ही बाबांचे. एक, फासा सगळ्यांसमोर टाकायचा, सूत्रधारानेसुद्धा, आणि पडला तो पडला. दुसरा, नवं पात्र आलं तर त्याने आपली ओळख आपल्या तोंडाने करून द्यायची. त्याशिवाय टेबलावर जागा नाही. “घोषणा झाल्याशिवाय गाडी फलाटाला लागत नाही,” बाबा म्हणायचे. ते स्वतः भाट होते, गावोगाव पराक्रम गात फिरणारे, आणि त्यांच्या ओळखीला एकदा अख्खा तास लागला होता.

आजारानंतर भाट उभा कसा करणार? बाबा टेबलाशी येऊन बसले तेव्हा सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं, आणि भावाला सुचलं. “ताई, बाबांना कुत्रा करू. कुत्र्याला कुठे बोलावं लागतं? आणि तो काही नवा नाही, सरदाराचाच आहे आधीपासूनचा.” सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. काय डोकं चालवलं म्हणून नवऱ्याने मेव्हण्याची पाठसुद्धा थोपटली. टेलरबाईंनी डब्यातून कोटाचं एक तपकिरी बटण काढलं, कडेला थोडं तुटलेलं, आणि बाबांपुढे ठेवलं. कुत्र्याचं नाव पडलं बटण्या. बाबांनी बटणाकडे बघितलं, मग डाव्या हाताने ते आपल्याकडे ओढून घेतलं. त्यांना हे हवं होतं का, असं कुणी विचारल्याचं कुणाला आठवत नाही.

तेव्हापासून बटण्या खेळत होता. चांगला खेळत होता. वास काढायचा, पहारा द्यायचा, एकदा तर त्याने जादूगाराला नदीतून ओढून काढलं. बाबा फासा टाकायचे, बटण सरकवायचे. आणि कुठेही अंधारी गुहा दिसली, पडका जिना दिसला, की सरदार म्हणायचा, “बटण्याला पुढे सोडा.”

तर त्या शनिवारनंतरचा रविवार. पकडबाईला सकाळपासून वाटत होतं की आज नको. पाठ टेकावी, पंखा लावावा, कुणी हाक मारू नये. पण बाबांनी केस विंचरले होते. तिने चहा टाकला, बिस्किटं काढली आणि ती सूत्रधाराच्या खुर्चीत बसली.

“लाल घळ,” तिने सांगायला सुरुवात केली. आवाज थकलेला होता, पण गोष्ट तिच्या तोंडात बसलेली होती. “दोन्ही बाजूंना सरळ कडे. मधून एकच चिंचोळी वाट. मागच्या वळणापासून शीळ ऐकू येतेय. कधी डावीकडून, कधी उजवीकडून.” तिने लाल बटणं मांडली. कुठल्याशा लहान मुलीच्या फ्रॉकची उरलेली, चकचकीत. “कळप आहे. किती आहेत ते दिसत नाहीये.”

“घळीच्या तोंडाशी कोण आहे ते बघायला हवं,” भाऊ म्हणाला.

“मी अदृश्य होऊन जाऊ का?” टेलरबाईंनी विचारलं.

“कशाला उगाच?” नवरा बिस्कीट बुडवत म्हणाला. “बटण्याला पुढे सोडा.”

बाबांनी लगेच बटण उचललं नाही. नवऱ्याने मग हात लांब करून ते घळीच्या तोंडाशी सरकवून दिलं. मदत म्हणून. पकडबाई फासा शोधत होती. तिने ते पाहिलं आणि पाहिलं नाही.

तिने लाल बटणांसाठी फासा टाकला. वीस. परत टाकला. अठरा. तिसऱ्यांदा टाकायची गरज नव्हती, पण नियमाप्रमाणे कळपाला तीन चावे होते, म्हणून तिने टाकला. परत वीस.

टेलरबाईंनी तोंडावर हात ठेवला.

बटण्याकडे तेवढा जीव नव्हता. हिशेब करायचीसुद्धा गरज नव्हती. “बटण्या...” पकडबाई म्हणाली आणि तिला पुढचं वाक्य सापडेना. आणि त्या शांततेत तिच्या मनात जे पहिलं आलं ते होतं: बरं झालं. आता बाबांना पात्र नाही. नवं घ्यायचं तर ओळख करून द्यावी लागेल, ती त्यांना जमणार नाही. मग ते खिडकीतच बसतील, खेळ आपोआप बंद पडेल, आणि रविवारी दुपारी आपल्याला झोपता येईल. इतकं सगळं एका श्वासात मनात येऊन गेलं. दुसऱ्या श्वासाला तिला स्वतःची अशी किळस आली की तिने चहाचा कप बाजूला सरकवला. काल त्या म्हाताऱ्या कुत्रीची मालकीणही असंच काहीतरी म्हणून गाडीत जाऊन बसली होती. आपण तिला मनातल्या मनात भित्री म्हटलं होतं.

“परत टाकू ना, ताई,” भाऊ म्हणाला. “फासा टेबलाच्या कडेला होता. तिरका पडला.”

“सरळ पडला,” नवरा म्हणाला. तो खोटं बोलू शकत नसे, हा त्याचा मोठा दोष होता. “सगळ्यांनी पाहिला. पडला तो पडला. बाबांचाच नियम आहे.”

“अहो, मग त्यांनी करायचं काय?” ती जवळजवळ ओरडलीच. “तुम्ही नवा सरदार कराल, हा नवा जादूगार करेल. बाबांनी काय करायचं? कुठून आणायची त्यांनी ओळख?”

नवऱ्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला, जसं तो ऑफिसात एखादा दावा फेटाळण्याआधी करत असणार. मग त्याच्या कपाळावर आठी पडली. तो हळूच म्हणाला, “अगं, थांब. नकाराचा फासा कुठे टाकला?”

“काय?”

“कुत्र्याला धोक्यात पाठवताना आधी नकाराचा फासा टाकायचा असतो. तुझाच नियम. आज टाकलाच नाही. म्हणजे बटण्या पुढे गेला की नाही, हेच अजून ठरलेलं नाही. पुढचं सगळं रद्द!” तो उठून उभा राहिला होता. इतका आनंद त्याला स्वतःचा दावा मंजूर झाला असता तरी झाला नसता. “प्रक्रियाच चुकली!”

“वा भाऊजी!” भावाने टेबलावर थाप मारली. टेलरबाई हसू लागल्या, आणि डोळेही पुसू लागल्या.

पकडबाई मात्र हसली नाही. आज टाकला नाही, हे खरं. पण त्या आधी कधी टाकला होता? गुहेत? जिन्यावर? नदीच्या वेळी? ती एकेक रविवार आठवत मागे गेली, आणि कुठल्याच रविवारी तिला तो फासा बाबांच्या हातात दिसेना. बाबांनी बटण्या घेतला त्या दिवसापासून एकदाही नाही. सरदाराचा कुत्रा सूत्रधार म्हणून ती खेळवायची तोवर न चुकता टाकायची. बाबांचा झाला आणि सगळे विसरले, कारण बाबा नाही म्हणूच शकत नव्हते. जगातल्या प्रत्येक कुत्र्याचं ‘नाही’ हाताला कळतं म्हणून मिरवणारी बाई ती, आणि घरात वर्षभर एका माणसाला एकही प्रश्न विचारून थांबली नव्हती. तिला रडू आलं नाही. रडायलाही थोडी ताकद लागते.

“बाबा,” ती म्हणाली. तिने तो वीस बाजूंचा फासा उचलला आणि त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवला. “हा तुमचा. टाका. दहाच्या वर पडलं तर बटण्या गेलाच नाही. कमी पडलं तर... तर बघू.”

“कमी पडणारच नाही!” भाऊ म्हणाला.

बाबांनी फाशाकडे बघितलं. बोटांत फिरवला. मग एकेकाकडे बघितलं, आधी जावयाकडे, मग मुलाकडे, टेलरबाईंकडे, आणि सगळ्यात शेवटी तिच्याकडे. मग त्यांनी फासा टेबलावर ठेवला. टाकला नाही, ठेवला. आणि एका बोटाने तो तिच्याकडे परत सरकवला.

“बाबा, टाकायचाय तो,” भाऊ म्हणाला. “हलवून असा—” त्याने बाबांचा हात धरायला आपला हात पुढे केला.

“थांब,” पकडबाई म्हणाली.

“अगं ताई, त्यांना कळलं नसेल—”

“थांब म्हटलं ना! सगळे थांबा.”

सगळे थांबले. पंखा फिरत राहिला. बाबांनी घळीच्या तोंडाशी पडलेलं तपकिरी बटण उचललं, अंगठ्याने त्याची तुटकी कड एकदा चाचपली, आणि ते टेलरबाईंच्या डब्यात टाकून दिलं. टक्कन आवाज झाला. सरदाराचा कुत्रा गेला होता आणि त्याला परत आणायचा नव्हता, हे त्यांनी इतकं स्वच्छ सांगितलं की नियमवाला नवरासुद्धा खाली बसला.

मग त्यांचा हात टेबलावरून पुढे गेला. सावकाश, आणि या वेळी कुणीही मदत केली नाही. तो कळपापर्यंत पोचला. सगळ्यात पुढच्या लाल बटणावर त्यांनी बोट ठेवलं आणि ते आपल्यासमोर ओढून घेतलं.

“पण बाबा,” नवरा अतिशय हळू आवाजात म्हणाला. त्याला बोलायचं नव्हतं हे दिसत होतं, पण त्याच्याने राहवत नव्हतं. “नवं पात्र म्हटलं, की... ओळख...”

बाबांनी ओठ जुळवले. ते नीट जुळेनात. उजवी बाजू खाली ओघळत होती. त्यांनी डाव्या हाताची दोन बोटं लावून तो कोपरा वर धरला, आणि फुंकर मारली. नुसता वारा गेला. परत फुंकर मारली, परत वारा. पकडबाईचे हात आपोआप वर उठले होते, धरायला. तिने ते ओढून मांडीवर घट्ट दाबून ठेवले. तिसऱ्या वेळी वाऱ्याच्या मध्ये कुठेतरी एक बारीक सूर लागला. अर्धा फाटका, थरथरता. पण तो वर चढत गेला, जसा चढायला हवा तसा, आणि टोकाला जाऊन तुटला.

टेलरबाईंनी पाय खुर्चीवर घेतले.

वर्षभरात त्या घराने बाबांचा आवाज ऐकला नव्हता. भाऊ उठून खिडकीकडे गेला आणि बाहेर काहीतरी फार महत्त्वाचं असल्यासारखा बघत उभा राहिला. नवऱ्याने चष्मा काढला. पुसायला बराच वेळ लागला.

“ओळख झाली,” तो अखेर म्हणाला. “आपल्या तोंडाने झाली. नियमात बसते.”

बाबांनी लाल बटण उचललं. परत घळीतून फिरवलं, वळणावरून आणलं आणि थेट पोलादी सरदाराच्या बटणासमोर ठेवलं. इतकं जवळ की दोन्ही बटणं एकमेकांना टेकली. मग ते खुर्चीत मागे रेलले, आणि ओढलेल्या तोंडाचा जो कोपरा वर जाऊ शकत होता तो वर गेला.

“हे काय?” नवरा म्हणाला. “अगं, हे माझ्यावर चाल करून आलेत. मी तर आपल्या बाजूचा आहे!”

“तुम्हीच त्यांना सारखं पुढे सोडत होतात,” टेलरबाई म्हणाल्या. “भोगा आता.”

भाऊ नाक ओढत खुर्चीवर परत आला. “ताई, आता काय करायचं आम्ही?”

पकडबाईने चहाचा कप परत जवळ ओढला. चहा निवून गेला होता. उद्या पुन्हा दवाखाना होता, सकाळी पुन्हा आंघोळ, सदरा, औषधं. यातलं काहीही कमी होणार नव्हतं, आणि आता रविवारही सुटणार नव्हता. ती इतकी थकलेली होती की हसताना तिचे खांदे दुखले.

“तुम्ही काय करायचं ते नंतर,” ती म्हणाली. “आधी त्यांचा डाव.” आणि बाबांकडे वळून तिने विचारलं, “कळप काय करतो, बाबा?”

मग ती थांबली, आणि टेबलाभोवतीचे सगळे थांबले.